‘जन्मस्थान: आयर्लंड’ याच्या मागे वंशावळ सरकत नाही? काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

आधी लक्षणं सांगते, म्हणजे हे तुमच्या कामाचं आहे का ते लगेच कळेल.

अमेरिकेच्या जनगणनेत पूर्वज सापडतो. बायको-मुलं सापडतात, पत्ता सापडतो, धंदा सापडतो. पण जन्मस्थानाच्या रकान्यात दर दहा वर्षांनी एकच शब्द: आयर्लंड. ना काउंटी (म्हणजे तिथला जिल्हा), ना गाव.

त्याच नावाचे, साधारण त्याच वयाचे प्रवासी डझनभर जहाजांवर दिसतात आणि आपला कोणता ते ठरत नाही.

घरात सगळे ‘आम्ही कॉर्कचे’ असं सांगतात, पण कॉर्कच्या नोंदींत एकही कुटुंब जुळत नाही.

माणसाचं वय दहा वर्षांत सातच वर्षांनी वाढतं, नाहीतर एकदम पंधरा वर्षांनी.

इंटरनेटवर कुणीतरी लावलेल्या वंशवृक्षात त्याचे आई-वडील आणि आजी-आजोबाही दिलेले असतात, आणि आधाराच्या जागी दुसऱ्या तशाच वंशवृक्षाचा दुवा असतो.

यातली दोन-तीन लक्षणं जुळत असतील तर पुढे वाचा. मी अमेरिकेत राहते आणि गेली बरीच वर्षं इथल्या वाचनालयाच्या वंशावळ विभागात मदतीला बसते. माझ्या सासरची माणसं आयरिश, त्यामुळे सुरुवात घरापासूनच झाली. आता महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्या घरांतूनही विचारणा होते. कितीतरी घरांत सुना-जावई आयरिश वंशाचे आहेत, आणि नातवंडांना शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगतात. आपल्या बाजूचा वृक्ष आजी घडाघडा सांगते. दुसरी बाजू बरोबर अटलांटिकच्या काठावर तुटते, आणि बहुतेक घरांत ती एकाच कारणाने तुटते.

बिघाड नेमका कुठे असतो

‘डब्लिनच्या आगीत सगळं जळलं’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. ३० जून १९२२ रोजी आयर्लंडच्या यादवी युद्धाच्या सुरुवातीला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या इमारतीतल्या सरकारी अभिलेखागारात स्फोट होऊन आग लागली. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ च्या जनगणना काही तुकडे सोडून त्यात गेल्या. चर्च ऑफ आयर्लंडची म्हणजे प्रॉटेस्टंट चर्चची निम्म्याहून जास्त रजिस्टरं आणि मूळ मृत्युपत्रांचा मोठा साठाही गेला. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनांचे कागद मात्र सरकारनेच त्याआधी नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धात लगद्यासाठी गेले. पूर्ण वाचलेल्या सगळ्यांत जुन्या जनगणना म्हणजे १९०१ आणि १९११ च्या. १८४५ नंतरच्या मोठ्या दुष्काळात निघून गेलेला माणूस त्यांत सापडणार नाही हे उघड आहे.

पण कॅथलिक चर्चची रजिस्टरं फोर कोर्ट्समध्ये नव्हतीच, ती आपापल्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागात, होती. जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदीही तिथे नव्हत्या. जमिनीच्या मूल्यांकनाची छापील पुस्तकंही वाचली. म्हणजे कागद आहेत. अडचण अशी, की हे कागद गावाच्या हिशेबाने ठेवलेले आहेत, माणसाच्या नाही. गाव माहीत असेल तर एका संध्याकाळीसुद्धा कुटुंब सापडतं. माहीत नसेल तर पॅट्रिक मर्फी नावाच्या शेकडो माणसांत तुम्ही फिरत राहता.

म्हणून माझा एकच नियम आहे: पॅरिशचं नाव हातात आल्याशिवाय समुद्र ओलांडायचा नाही. ते नाव बहुतेक वेळा अमेरिकेतल्याच एखाद्या कागदावर असतं, आणि तो कागद बऱ्याचदा तुमच्या पूर्वजाचा नसतो, त्याच्या भावाचा, बहिणीचा किंवा शेजाऱ्याचा असतो. पुढच्या सगळ्या तपासण्या त्यासाठीच आहेत. फुकटच्या आणि सोप्या आधी, खर्चाच्या नंतर.

पहिली तपासणी: घरातली माणसं आणि कपाटं

याला खर्च नाही, पण उशीर केला तर ही संधी जाते. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे बसा. ‘आपण आयर्लंडमध्ये कुठले?’ असं थेट विचारलं तर ‘कॉर्क’ हेच उत्तर येतं. त्यापेक्षा असं विचारा: लग्नाला, मयताला कोण कोण यायचं? पत्रं कुणाला जायची? कुठली मावशी नन झाली? कोण कुणाच्या घरी भाड्याने राहायचं? आडनावं टिपून घ्या, चुलत-मावस सगळी. पुढे त्यांचाच उपयोग होणार आहे.

कपाटात काय शोधायचं? मृत व्यक्तीच्या स्मरणार्थ छापलेली लहान प्रार्थनाकार्डं, प्रार्थनापुस्तकाच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या तारखा, पत्रांच्या पाकिटांवरचे पोस्टाचे शिक्के, फोटोमागे स्टुडिओचं नाव. पाकीट टाकून देऊन पत्र जपणारी घरं खूप असतात. पत्रात ‘इकडे सगळे बरे आहेत’ एवढंच असतं, गाव पाकिटावर असतं.

‘कॉर्क’ या उत्तराबद्दल इथेच सांगून टाकते. कॉर्क बंदराजवळचं क्वीन्सटाउन, आजचं कोव्ह, हे अमेरिकेला जाण्याचं मोठं बंदर होतं. केरीचा माणूसही तिथून निघायचा, लिमरिकचाही. दोन पिढ्यांत बंदराचं नाव गावाचं म्हणून सांगितलं जातं. लिव्हरपूलहून निघालेल्यांना याच कारणाने ‘इंग्लंडचे’ ठरवलेलं मी पाहिलं आहे. दुष्काळाच्या काळात अमेरिकेला जाणाऱ्या आयरिश लोकांची मोठी वाट लिव्हरपूलवरूनच होती.

दुसरी तपासणी: माणूस एकच आहे ना?

फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट खातं उघडा आणि त्या कुटुंबाची सापडेल ती प्रत्येक जनगणना काढा. सगळ्या काढा, कारण प्रत्येक वर्षी प्रश्न वेगळे होते. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव मिळतं. १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आई-वडिलांचं जन्मस्थान मिळतं. १८९० ची जनगणना १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीमुळे जवळजवळ पूर्ण गेली, म्हणून मध्ये वीस वर्षांची पोकळी दिसते. ती तुमची चूक नाही. १९०० ची माझ्या मते सर्वांत कामाची: जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला किती मुलं झाली आणि त्यातली किती हयात आहेत, अमेरिकेत कोणत्या वर्षी आले. ‘झाली नऊ, हयात चार’ असं लिहिलेलं असेल तर पाच मुलांच्या मृत्यूच्या नोंदी अजून शोधायच्या आहेत, आणि त्यांतल्या एकीत आईचं माहेरचं आडनाव नीट लिहिलेलं असू शकतं.

वयावर विश्वास ठेवू नका. बऱ्याच जणांना आपलं जन्मवर्ष नेमकं ठाऊक नसायचं, आणि गणना करणाऱ्याला दारात जो भेटेल तो सांगेल ते वय लिहिलं जायचं. हे आयर्लंडमध्येही दिसतं. १९०९ पासून सत्तर वर्षांवरच्यांना पेन्शन सुरू झालं आणि १९०१ व १९११ या दोन जनगणनांमध्ये कितीतरी म्हाताऱ्यांचं वय दहापेक्षा जास्त वर्षांनी वाढलं. म्हणून पाच-सात वर्षांचा फरक आला म्हणून नोंद फेकू नका, आणि वय जुळलं म्हणून नोंद पकडूही नका. माणूस ओळखायचा तो नवरा, बायको, मुलं आणि पत्ता या चौकडीवरून.

नावांची यादी करून भिंतीला लावा. ब्रिजेट ही डेलिया, बिडी किंवा ब्राइड म्हणून येते. होनोरा ही नोरा किंवा हॅना. ओवेन आणि युजीन एकच माणूस असू शकतात, जेरिमाया आणि डार्बी हेही. आडनावातलं ‘ओ’ आणि ‘मॅक’ कधी असतं, कधी गळतं. सलिव्हन आणि ओ’सलिव्हन वेगळी घराणी समजू नका. एलिस बेटावर, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात, अधिकाऱ्यांनी आडनावं बदलली ही गोष्ट मात्र सोडून द्या. तिथले तपासनीस जहाज कंपनीने निघतानाच भरलेली यादी पुढ्यात ठेवून प्रश्न विचारत, नावं नव्याने लिहीत नसत. स्पेलिंग बदललं ते नंतर, शाळेत, कारखान्यात, चर्चमध्ये.

एकसारख्या नावाने किती मोठा गोंधळ होतो याचं जाहीर उदाहरण ॲनी मूरचं आहे. १ जानेवारी १८९२ रोजी एलिस बेटाचं केंद्र सुरू झालं तेव्हा पहिली नोंद झाली ती कॉर्कच्या या मुलीची. ‘नेव्हाडा’ जहाजातून दोन धाकट्या भावांना घेऊन ती आली होती. ती पुढे टेक्सासला गेली असं अनेक दशकं सांगितलं जात होतं आणि तिथल्या ॲनी मूरच्या वंशजांचा मानसन्मानही व्हायचा. २००६ मध्ये मेगन स्मोलेन्याक या वंशावळ संशोधिकेने दाखवून दिलं, की टेक्सासची ॲनी मुळात इलिनॉयमध्ये जन्मलेली होती. खरी ॲनी न्यूयॉर्क सोडून कुठे गेलीच नव्हती. तिथेच लग्न, तिथेच संसार, आणि १९२४ मध्ये मृत्यू. इतकी प्रसिद्ध मुलगी आणि तरीही फक्त नाव जुळलं म्हणून दुसऱ्याच घराण्याला जोडली गेली. तुमच्या पूर्वजाकडे तर कुणाचं लक्षही नव्हतं.

तिसरी तपासणी: अमेरिकेतले कागद, पूर्वजाचे आणि भावंडांचे

इथे घाई करू नका. गाव सापडलं तर बहुतेक वेळा याच टप्प्यात सापडतं.

थडग्यावरचा दगड आधी बघा. आयरिश कॅथलिक दफनभूमींत ‘अमुक पॅरिश, अमुक काउंटीचा रहिवासी’ असं दगडावर कोरायची रीत होती, विशेषतः दुष्काळाच्या पिढीत. फाइंड अ ग्रेव्ह या संकेतस्थळावर बऱ्याच दगडांचे फोटो फुकट मिळतात. फोटो नसेल तर स्वयंसेवकाला विनंती करता येते. दगडाची मागची बाजूही मागा. त्याच जागेत आणखी कोण पुरलंय हे दफनभूमीच्या कार्यालयाला विचारा. दगडावर नसलेली बहीण तिथल्या वहीत असते.

मग निधनवार्ता. मोठ्या वर्तमानपत्रात दोन ओळी येतात, कॅथलिक साप्ताहिकात आठ. ‘काउंटी मेयोच्या वर्तमानपत्रांनी कृपया पुनर्मुद्रित करावे’ अशी ओळ दिसली तर काउंटी मिळालीच.

मृत्यूच्या दाखल्यावर आई-वडिलांची नावं असतात, पण माहिती कुणी दिली तो रकाना आधी वाचा. मुलीने दिली असेल तर ठीक. जावयाने किंवा दवाखान्याने दिली असेल तर नाव अर्धवट किंवा चुकीचं असण्याची तयारी ठेवा. चर्चमधली लग्नाची नोंद सरकारी नोंदीपेक्षा वेगळी असते, आणि काही धर्मगुरू वधू-वरांचं मूळ पॅरिश लिहून ठेवत. दोन्ही मागवा.

नागरिकत्वाच्या कागदांवर पैसे घालवण्यापूर्वी तारीख बघा. २७ सप्टेंबर १९०६ च्या आधी कुठल्याही न्यायालयात नागरिकत्व मिळायचं आणि फॉर्म ज्याचा त्याचा. त्यावर ‘व्हिक्टोरिया राणीशी निष्ठा सोडतो’ यापलीकडे फारसं काही नसतं. त्या तारखेनंतरच्या अर्जांवर जन्मगाव आणि जन्मतारीख असते. बायकांचे स्वतंत्र कागद १९२२ च्या आधी सहसा नसतात, कारण नवऱ्याबरोबर बायको आपोआप नागरिक व्हायची. म्हणून १८८० मध्ये आलेल्या माणसाचा धाकटा भाऊ १८९० नंतर आला असेल आणि १९०६ नंतर नागरिक झाला असेल, तर त्या भावाचा अर्ज काढा. गाव दोघांचं एकच. १९४२ ची वयस्कर पुरुषांची लष्करी नावनोंदणीही अशीच उपयोगी आहे. १८७७ ते १८९७ च्या दरम्यान जन्मलेल्यांची ती कार्डं आहेत आणि त्यांवर बरेचदा गावासकट जन्मस्थान असतं.

अमेरिकन यादवी युद्धात घरातलं कुणी लढलं असेल तर विधवेच्या पेन्शनची फाइल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवण्यासाठी पैसे खर्च करा, ते वाया जात नाहीत. लग्न झालं होतं हे सिद्ध करायला त्या बाईला साक्षीदार आणावे लागायचे. मग गावाकडची एखादी शेजारीण प्रतिज्ञापत्र लिहून देते, की मी हिला लहानपणापासून ओळखते, आमची घरं एकाच टाउनलँडमध्ये (वाडीएवढ्या लहान भागात) होती, अमुक चर्चमध्ये हिचं लग्न लागलं तेव्हा मी हजर होते. खाली सहीऐवजी फुली. दुसऱ्या कुठल्याही सरकारी कागदात इतकं स्पष्ट लिहिलेलं मला क्वचितच मिळालं आहे.

दोन साठे आयरिश लोकांसाठीच आहेत. ‘बॉस्टन पायलट’ या वर्तमानपत्रात १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या नातेवाइकांच्या शोधाच्या जाहिराती यायच्या. आधी आलेला नवरा, भाऊ, मुलगी रेल्वेच्या नाहीतर कालव्याच्या कामावर कुठे गेली ते कळत नसे, मग मागे राहिलेले पैसे भरून जाहिरात देत. ओळख पटावी म्हणून त्यात काउंटी, पॅरिश, कधी टाउनलँड, कोणत्या वर्षी कोणत्या बंदरात उतरले हे सगळं असायचं. बॉस्टन कॉलेजने त्यांचा संच फुकट ठेवला आहे. तुमच्या माणसाची जाहिरात नसली तरी त्याच आडनावाच्या सगळ्या वाचा. दुसरा साठा न्यूयॉर्कच्या एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँकेचा. ही बँक १८५० मध्ये स्थलांतरितांसाठीच निघाली. खातेदार लिहिता-वाचता न येणारे असत, म्हणून पैसे काढायला आल्यावर ओळख पटवण्यासाठी बँकेने प्रत्येकाची खासगी माहिती वहीत लिहून ठेवली: जन्म कुठे, आई-वडील कोण, हयात आहेत का, भावंडं किती, कोणत्या जहाजाने आला. मोलकरणी आणि हमाल यांचीही खाती होती. न्यूयॉर्कचा पूर्वज असेल तर हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रवासी यादी मुद्दाम शेवटी सांगते, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. १८२० नंतरच्या जुन्या याद्यांत नाव, वय, लिंग, व्यवसाय आणि देश एवढंच असतं. बरोबर कोण होतं हे आधीच माहीत असेल तरच त्या उपयोगाच्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या याद्यांत मात्र जन्मगाव आणि मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता मिळतो. आणि यादीत नाव नाहीच मिळालं तर क्वेबेकचा विचार करा. कॅनडाचं भाडं स्वस्त होतं, हजारो लोक तिथे उतरून खाली अमेरिकेत आले, आणि १८९५ च्या आधी त्या सरहद्दीवर नोंदच होत नव्हती.

चौथी तपासणी: शेजारी, साक्षीदार, बाप्तिस्म्याचे धर्मपिता-धर्ममाता

एवढं करूनही गाव नाही मिळालं तर पूर्वजाला बाजूला ठेवा आणि त्याच्या भोवतीची माणसं शोधा. आयरिश लोक एकेकटे फारसे येत नसत. एक जण आला की पैसे साठवून बहिणीचं तिकीट पाठवी, मग ती भावाचं. एका पॅरिशची माणसं अमेरिकेत एकाच गल्लीत, एकाच खाणीत, एकाच चर्चमध्ये दिसतात. मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी घ्या आणि धर्मपिता-धर्ममाता यांची आडनावं लिहा. ते बहुधा मामा, मावशी, काका, आत्या असतात. लग्नाचे साक्षीदार लिहा. जनगणनेच्या पानावर वरची-खालची दहा-दहा घरं लिहा. घरात राहणारे भाडेकरू लिहा. दोन-तीन आडनावं पुन्हा पुन्हा येऊ लागतात. त्यांतल्या एखाद्याच्या थडग्यावर किंवा अर्जावर गाव सापडलं की ते बहुधा तुमचंही गाव असतं. हे कंटाळवाणं काम आहे, पण अडकलेली बहुतेक घराणी मला याच वाटेने सुटलेली दिसली आहेत.

पाचवी तपासणी: आता आयर्लंड

पॅरिश किंवा निदान टाउनलँड हातात आलं, की आधी ते नाव जागेवर बसवा. टाउनलँड हा तिथला जमिनीचा सर्वांत लहान भाग, आपल्या कोकणातल्या वाडीसारखा. अख्ख्या आयर्लंडमध्ये ते साठ हजारांहून जास्त आहेत आणि एकच नाव अनेक काउंट्यांत येतं. अमेरिकन कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, म्हणून आयर्लंडच्या स्थलनामांच्या सरकारी संकेतस्थळावर, लॉगइनमवर, मिळतीजुळती स्पेलिंगं करून बघा. आणखी एक खाचखळगा: सरकारी पॅरिश आणि कॅथलिक पॅरिश वेगळे. नाव वेगळं, हद्द वेगळी. जमिनीचे कागद पहिल्यात, बाप्तिस्मे दुसऱ्यात. हे न कळल्यामुळे लोक शेजारच्या पॅरिशचं रजिस्टर महिनाभर वाचत बसतात.

नक्की गाव नाही पण नवरा-बायको एकाच भागातले असा अंदाज आहे, तर दोघांची आडनावं ग्रिफिथच्या मूल्यांकनात, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या जमिनीच्या छापील पुस्तकांत, शोधा. १८४७ ते १८६४ या काळातलं हे मूल्यांकन अख्ख्या देशाचं आहे आणि आस्क अबाउट आयर्लंड या संकेतस्थळावर नकाशांसह फुकट आहे. दोन्ही आडनावं भरपूर आहेत असे पॅरिश दोन-चारच निघतात. मात्र त्यात फक्त घर किंवा जमीन ज्याच्या नावावर होती त्याचंच नाव आहे, बायका-मुलांचं नाही. १८५० मध्ये निघून गेलेला पोरगा त्यात शोधू नका, त्याचा बाप किंवा थोरला भाऊ शोधा.

मग रजिस्टर. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये कॅथलिक पॅरिशच्या रजिस्टरांची मायक्रोफिल्म फुकट खुली केली, साधारण १८८० पर्यंतची. पॅरिशचं पान उघडल्यावर पहिलं काम, रजिस्टर सुरू कधी होतं ते बघणं. पूर्वेकडच्या शहरांत अठराव्या शतकातलीही आहेत. पश्चिमेकडच्या गरीब पॅरिशमध्ये १८४० किंवा १८५० नंतरच सुरुवात होते. तुमचा माणूस १८३२ चा आणि रजिस्टर १८५१ पासून, तर त्याचा बाप्तिस्मा तिथे नाही. मग धाकट्या भावंडांकडे वळा.

पान पहिल्यांदा उघडलं की घाबरायला होतं. काळं-पांढरं चित्र, शाई फुटलेली, कडेला ओल लागलेली, अक्षर धर्मगुरू बदलला की बदलणारं. पण एका नोंदीत क्रम ठरलेला असतो: तारीख, बाळाचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव माहेरच्या आडनावासकट, मग दोन धर्मपालक, कधी टोकाला टाउनलँड. नावं लॅटिनमध्ये असतात. जेम्स तिथे जेकोबस, विल्यम गुलिएल्मस, जॉन जोआनेस. आईचं माहेरचं आडनाव हीच तुमची किल्ली. बाप जॉन सलिव्हन शंभर असतील, पण त्याची बायको त्याच माहेरच्या आडनावाची आणि मुलांची नावं अमेरिकेतल्या यादीशी त्याच क्रमाने जुळणारी, असं घर सहसा एकच निघतं. एक मूल जुळलं म्हणून थांबू नका, सगळी भावंडं काढा. लग्न साधारण नवरीच्या पॅरिशमध्ये लागायचं, म्हणून ते सापडलं नाही तर शेजारची पॅरिशं बघा. मुलांच्या नावांनाही रीत होती: पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या नावाचा, पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची. सगळीकडे पाळली जायची असं नाही, त्यामुळे हा इशारा समजा, पुरावा नाही.

१८६४ पासून सगळ्या जन्म, लग्न, मृत्यूंची सरकारी नोंद आहे. कॅथलिक सोडून इतरांची लग्नं १८४५ पासून आहेत. आयरिश जीनिऑलॉजी या सरकारी संकेतस्थळावर मूळ पानांची चित्रं फुकट दिसतात. तिथे जन्मतारीख बाप्तिस्म्याच्या नंतरची दिसली तर दचकू नका. नोंद उशिरा केली की दंड होता, म्हणून लोक तारीख पुढे ढकलून सांगत. चर्चची तारीख खरी धरा. आजच्या उत्तर आयर्लंडमधल्या सहा काउंट्यांसाठी बेलफास्टच्या नोंदणी कार्यालयाची ऑनलाइन सेवा आहे, ती पैसे घेते. प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या घराण्यांनाही बेलफास्टच्या अभिलेखागारातच जावं लागतं.

महाराष्ट्रात ज्यांच्या घरात आयरिश पूर्वज आहे, म्हणजे खडकी, पुणे, देवळाली, नगरच्या छावण्यांत आलेला सैनिक, त्यांचं काम उलट सोपं आहे. ब्रिटिश सैन्याच्या निवृत्तीच्या कागदांवर पॅरिश आणि काउंटी लिहिलेली असते. ते लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे आणि लग्नं ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत. थेट तिथूनच सुरुवात करा.

सहावी तपासणी: डीएनए

ही चाचणी पैसे मागते आणि घरातली झाकलेली गोष्ट उघडी करू शकते, म्हणून शेवटी. घरातल्या सर्वांत मोठ्या पिढीची चाचणी करा, अर्थात त्यांना नीट समजावून आणि त्यांची संमती घेऊन. दर पिढीला पूर्वजाचा वाटा निम्मा होतो, त्यामुळे नातवापेक्षा आजीच्या चाचणीत जास्त सापडतं. चाचणी पॅरिशचं नाव देत नाही. नातेवाईक देते, आणि त्यांतल्या कुणाच्या तरी घरात पॅरिशचं नाव असतं. टक्केवारीच्या रंगीत नकाशात गुंतू नका, जुळलेल्या माणसांना लिहा. तिसरी-चौथी तपासणी न करता चाचणी केली तर समोर आलेल्या आडनावांतलं आपलं कोणतं हे ओळखता येत नाही, पैसे गेले आणि प्रश्न तिथेच.

कुठे थांबायचं, आणि कुणाला बोलवायचं

रजिस्टर उशिरा सुरू होतं, भावंडंही सापडत नाहीत आणि त्या भागातल्या जमिनीच्या कागदांतही नाव नाही, तर थांबा. वंशावळीत ‘अमुक पॅरिश, पालक अज्ञात’ असं लिहा. रिकामी जागा भरायला त्याच नावाचं दुसरं कुटुंब आणून बसवू नका, कारण पुढची पिढी त्यावरच इमारत बांधते.

दोन कुटुंबं सारखीच जुळताहेत आणि एकही बाद होत नाही, तेव्हा व्यावसायिकाला बोलवा. डब्लिनच्या रजिस्ट्री ऑफ डीड्समधले १७०८ पासूनचे दस्त, जमीनदारांच्या इस्टेटीचे भाडेपट्टे, मूल्यांकन कार्यालयातली रंगीत शाईत दुरुस्त केलेली पुस्तकं हे घरबसल्या शिकायचं काम नाही. अक्रेडिटेड जीनिऑलॉजिस्ट्स आयर्लंड या संस्थेच्या यादीत कामाची पारख होऊन मान्यता मिळालेली माणसं मिळतात. त्याआधी डब्लिनला जाणार असाल तर राष्ट्रीय ग्रंथालयातल्या वंशावळ सल्ला कक्षात फुकट मार्गदर्शन घ्या.

आयरिश नागरिकत्वासाठी हे करत असाल तर वेगळा हिशेब. आजी किंवा आजोबा आयर्लंड बेटावर जन्मलेले असतील तर विदेशी जन्मनोंदणीचा अर्ज करता येतो, पण तिथे अंदाज चालत नाही. प्रत्येक पिढीचे अधिकृत दाखले लागतात आणि नावांत तफावत असली तर वकिलाचा सल्ला आधी घ्या. पणजोबांवर मात्र सहसा हक्क मिळत नाही, हे खर्च करण्यापूर्वीच कळलेलं बरं.

दत्तक गेलेलं किंवा आई-बाळ आश्रमात (अविवाहित मातांच्या आश्रमात) जन्मलेलं मूल असेल तर स्वतः शोधत फिरू नका. आयर्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने अशा माणसांना आपली जन्माची माहिती मिळवण्याचा हक्क दिला आहे, आणि दत्तक प्राधिकरण व तुसला ही बालकल्याण संस्था हे काम करतात. समोर जिवंत माणसं असतात. अचानक आलेल्या एका निरोपाने एखाद्या म्हाताऱ्या बाईचं घर उलटंपालटं होऊ शकतं.

व्यावसायिकाकडे जाताना पूर्ण वंशवृक्ष देऊ नका. एकच प्रश्न लिहून द्या, उदाहरणार्थ ‘या माणसाचं पॅरिश कोणतं’. त्याबरोबर सापडलेल्या प्रत्येक कागदाची प्रत द्या आणि जिथे शोधून काही मिळालं नाही त्या जागांचीही यादी द्या. काम सुरू होण्याआधी किती तासांचे पैसे ते लेखी ठरवा, आणि अहवालात काय सापडलं नाही तेही लिहून मागा.